धातूचा पातळ थर : चढतो कसा आणि टिकतो कसा?
(अर्धवाहक चिपमधील धातूच्या जोडतारांचा परिचय)

१. प्रस्तावना

पांढुर्णा आणि सौंसर हा संत्र्याचा मुलूख आहे. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला, तरी येथील बागाईतदाराचे कामाचे वेळापत्रक पूर्वीचेच आहे. पावसाळ्याच्या आगेमागे तो मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण तयार करतो. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी हे त्याचे ठरलेले प्रमाण. फवारणीपूर्वी तो एक साधी परीक्षा घेतो. स्वच्छ लोखंडी विळा किंवा खिळा मिश्रणात थोडा वेळ बुडवून बाहेर काढतो. लोखंडावर तांबूस लेप आला, तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालतो. लेप आला नाही, तर मिश्रण बरोबर जमले.

विळ्यावर आलेला हा तांबूस लेप म्हणजे धातूचा पातळ थर होय. संगणक किंवा मोबाइल यांतील अर्धवाहक चिपमध्ये तांब्याच्या ज्या सूक्ष्म तारा असतात, त्याही मुख्यतः मोरचुदाच्याच आम्लयुक्त द्रावणातून बसविल्या जातात. रसायन तेच असले तरी परिणामात फार मोठा फरक आहे. विळ्यावरचा लेप बोटाने पुसला तरी निघतो. चिपमधला थर वर्षानुवर्षे वीज वाहून नेतो.

हा फरक कशामुळे पडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. आपल्या कम्युनिटी कॉलेजांतील अनेक विद्यार्थी इलेक्ट्रॉनिक्स, यंत्रदुरुस्ती, मुलामा-काम अशा कौशल्याधारित अभ्यासक्रमांना बसतात. त्यांना यंत्राची बटणे शिकविली जातात, कारणे मात्र क्वचितच सांगितली जातात. ‘हे विज्ञान इंग्रजीतच समजते’ असा एक समज त्यामागे आहे. तो समज किती बरोबर आहे, हेही ओघाने तपासता येईल.

२. शब्द आपले, अनुभवही आपला

पातळ थराविषयी बोलण्यास मराठीत शब्दांची वाण नाही. त्यांपैकी बरेच शब्द अरबी-फारसीतून उर्दूमार्गे आणि व्यवहारातून मराठीत आले आहेत. ‘वरक’ म्हणजे मूळ अरबीत पान, मग ते झाडाचे असो वा पुस्तकाचे. मिठाईवरचा चांदीचा वर्ख तोच. ‘मुलामा’ या शब्दाच्या मुळाशी चमकविण्याचा अर्थ आहे. ‘कलई’ म्हणजे कथील. हे तिन्ही शब्द धातूच्या पातळ थराचे असले तरी त्यांमागच्या क्रिया भिन्न आहेत.

वर्ख कुटून पातळ करतात. त्याची जाडी एक मायक्रॉनच्या आतबाहेर असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी. तो आधी वेगळा तयार होतो आणि नंतर वस्तूवर ठेवला जातो. कलई आणि मुलाम्यात थर वस्तूवरच जन्म घेतो. चिपमधले थर या दुसऱ्या जातीचे आहेत.

कलईवाल्याचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्यातील क्रम आठवत असेल. तो भांडे आधी घासतो. मग तापवितो आणि नवसागराची पूड टाकतो. पांढरा धूर निघतो. त्यानंतरच कथील लावून कापसाच्या बोळ्याने फिरवितो. नवसागर कशासाठी? तापलेल्या तांब्या-पितळेवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो. नवसागर तो काढून टाकतो आणि उघड्या धातूला कथील धरते. नवसागर न टाकता कथील फिरविले तर ते गोळा होऊन घरंगळते. कलईवाल्याचे खरे कौशल्य कथील लावण्याआधीच्या तयारीत आहे.

दुसरे उदाहरण सौंसरचेच आहे. सौंसरजवळ सातनूर येथे भन्साळी इंजिनिअरिंग पॉलिमर्स या कंपनीचा कारखाना असून तेथे एबीएस नावाचे प्लास्टिक तयार होते. ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन या तीन घटकांची ही आद्याक्षरे. मोटारीवरील चकचकीत जाळी, नळाच्या मुठी, उपकरणांवरील चंदेरी पट्ट्या पुष्कळदा धातूच्या नसतात. त्या या जातीच्या प्लास्टिकवर मुलामा चढवून केलेल्या असतात.

प्लास्टिक वीज वाहत नाही, मग त्यावर विजेने मुलामा चढतो कसा? प्रथम तीव्र आम्लाच्या द्रावणाने पृष्ठभागावरील ब्युटाडाइनचे रबरी कण खाल्ले जातात व तेथे अतिसूक्ष्म खळगे उरतात. त्या खळग्यांत पॅलेडियम धातूचे कण बसवितात. या कणांच्या आधाराने, विजेशिवाय, निकेल किंवा तांब्याचा पहिला पातळ थर रासायनिक रीतीने वाढतो. आता पृष्ठभाग वीज वाहू लागतो आणि त्यावर तांबे, निकेल व शेवटी क्रोमियम असे थर विजेने चढतात. खळगे ही पकड, पॅलेडियम हे बीज आणि वरचे थर हे पीक, अशी ही उतरंड आहे. (या कामात पारंपरिकरीत्या वापरले जाणारे क्रोमिक आम्ल कर्करोगकारक आहे, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.)

या उतरंडीच्या आधारे विळ्याचा प्रश्न सुटतो. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडाचे अणू विरघळतात आणि त्यांच्या जागी तांब्याचे अणू बसतात. म्हणजे थर ज्या जमिनीवर बसतो तीच जमीन पायाखालून सरकत असते. त्यामुळे थर भुसभुशीत राहतो. मुलामा-कारागीर म्हणूनच लोखंड थेट मोरचुदाच्या आम्लद्रावणात टाकीत नाही. आधी निकेलसारखा पातळ थर देतो आणि मग तांबे चढवितो.

३. चिपमध्ये धातू कशासाठी?

चिप सिलिकॉनच्या चकतीवर घडविली जाते. सिलिकॉनमध्ये तयार होणारे ट्रान्झिस्टर हे विजेचे सूक्ष्म खटके होत. परंतु सुटे खटके काहीच गणित करू शकत नाहीत. त्यांना एकमेकांशी जोडावे लागते.

१९५८ साली अमेरिकेत जॅक किल्बी यांनी पहिली एकात्मिक मंडल-रचना केली, तेव्हा तिच्यातील जोडण्या सोन्याच्या बारीक तारांनी हाताने केलेल्या होत्या. अशा रीतीने दहा-वीस जोडण्या होतील, लाखो होणार नाहीत. १९५९ साली रॉबर्ट नॉइस यांनी वेगळा मार्ग सुचविला. सिलिकॉनवर ऑक्साइडचा रोधक थर ठेवावा, हव्या त्या जागी त्यात छिद्रे पाडावीत, वर ॲल्युमिनियमचा थर चढवावा आणि नको तेथील ॲल्युमिनियम काढून टाकावे. उरलेल्या रेषा म्हणजेच तारा. तार ओढून जोडण्याऐवजी थर चढवून कोरण्याची ही रीत रूढ झाली आणि चिपचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन शक्य झाले. आजच्या चिपमध्ये अशा तारांचे दहा-बारा किंवा त्याहून अधिक मजले एकावर एक असतात.

४. थर चढविण्याच्या प्रमुख रीती

(अ) बाष्पीभवन : निर्वात पात्रात धातू तापवितात. त्याची वाफ समोरच्या चकतीवर जाऊन गोठते. उकळत्या पातेल्यावरील झाकणाला पाण्याचे थेंब धरतात, तसेच हे. निर्वात आवश्यक, कारण हवेचे रेणू वाटेत आले तर धातूचे अणू भरकटतात व ऑक्साइड बनते. उत्तम निर्वातात अणू सरळ रेषेत जातात. हाच गुण व हाच दोषही. उंचवट्याच्या आड सावली पडते व तेथे थर बसत नाही.

(आ) आयन-माऱ्याची रीत, म्हणजे स्पटरिंग : पात्रात थोडा अरगॉन वायू सोडून त्याचे विद्युतभारित कण करतात. ते धातूच्या पत्र्यावर वेगाने आदळतात आणि त्यातील अणू उडवून लावतात. कॅरमच्या स्ट्रायकरने सोंगट्या फुटाव्यात तसे हे घडते. उडालेले अणू चकतीवर बसतात. या घटनेची नोंद विल्यम ग्रोव्ह यांनी १८५२ मध्येच केली होती. मिश्रधातूंचे थर देण्यास ही रीत विशेष सोयीची आहे.

(इ) रासायनिक बाष्प-निक्षेपण : येथे धातूऐवजी धातूचे वायुरूप संयुग सोडतात. टंगस्टन हेक्साफ्लुओराइड आणि हायड्रोजन यांची तापलेल्या चकतीवर अभिक्रिया होऊन टंगस्टन खाली बसते. वायू खोल छिद्रातही शिरतो, त्यामुळे दोन मजल्यांना जोडणारे उभे खांब असे भरता येतात. मात्र येथेही टंगस्टनपूर्वी टायटॅनियम नायट्राइडचा थर द्यावा लागतो. तो पकड देतो आणि खालच्या भागाचे फ्लोरिनपासून रक्षण करतो.

(ई) अणु-थर निक्षेपण : दोन वायू एकत्र न सोडता आळीपाळीने सोडतात. पहिला वायू पृष्ठभागावर एकेरी थरापुरताच चिकटतो, उरलेला काढून टाकतात. मग दुसरा वायू त्याच्याशी अभिक्रिया करतो. अशा प्रत्येक फेरीत थर अगदी किंचित, पण सर्वत्र सारखा वाढतो. फिनलंडचे तुओमो सुन्तोला यांनी १९७४ मध्ये ही रीत विकसित केली आणि २०१८ साली त्यांना त्याबद्दल मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला.

(उ) विद्युत-निक्षेपण : हाच आपला ओळखीचा विजेचा मुलामा. चिपमधील तांब्यासाठी हीच रीत वापरली जाते.

५. तांब्याचा प्रश्न आणि बिदरीची रीत

सुमारे तीन दशके चिपमधील तारा ॲल्युमिनियमच्या होत्या. त्यात एक दोष १९६० च्या दशकातच लक्षात आला होता. बारीक तारेतून जोराचा प्रवाह गेला की इलेक्ट्रॉनांच्या लोंढ्याने धातूचे अणूच हळूहळू पुढे ढकलले जातात. एका जागी पोकळी पडून तार तुटते, दुसरीकडे उंचवटा होऊन शेजारच्या तारेस चिकटतो. नदीने एका काठाची माती खरवडून दुसरीकडे टाकावी, तसा हा प्रकार. ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे मिसळल्याने हा दोष कमी झाला.

पुढे तारा इतक्या बारीक झाल्या की ॲल्युमिनियमचा रोधच अडचणीचा ठरला. तांब्याची रोधकता सुमारे १.७ मायक्रोओम-सेंटिमीटर, तर ॲल्युमिनियमची सुमारे २.७. शिवाय तांब्याचे अणू प्रवाहाने सहजासहजी हलत नाहीत. मग प्रथमपासून तांबेच का वापरले नाही? कारणे दोन. पहिले असे की, ॲल्युमिनियम वायूंच्या साहाय्याने कोरता येते, कारण त्याचे क्लोरिनशी होणारे संयुग उडून जाते. तांब्याची अशी संयुगे नेहमीच्या तापमानाला उडून जात नाहीत, म्हणून ते कोरता येत नाही. दुसरे असे की, तांबे सिलिकॉनमध्ये फार वेगाने झिरपते आणि ट्रान्झिस्टर निकामी करते.

पहिल्या अडचणीवर आयबीएम कंपनीने १९९७ मध्ये उपाय जाहीर केला. तांबे कोरता येत नसेल तर त्याची जागा कोरावी. रोधक थरात तारेच्या आकाराचे चर पाडावेत, ते तांब्याने काठोकाठ भरावेत आणि वर आलेले तांबे घासून सपाट करावे. या रीतीला ‘डॅमसीन’ म्हणतात. हा शब्द दमिश्क शहरावरून आला असून पोलादावर सोन्याचांदीचे जडावकाम करण्याच्या कलेचे ते नाव आहे. उर्दूत तिला कोफ्तगारी म्हणतात.

आपल्याकडील बिदरी काम याच कुळातील आहे. मराठवाड्याला लागून असलेल्या बिदरचा कारागीर जस्त-तांब्याच्या मिश्रधातूच्या भांड्यावर नक्षीचे चर कोरतो, त्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितो, पृष्ठभाग घासून एकसारखा करतो आणि शेवटी माती व नवसागराने भांडे काळे करतो. तार बसविली तर तारकशी, पत्रा बसविला तर तहनिशां. कोरणे, भरणे, घासणे हा क्रम चिपमध्येही तोच आहे. फरक मापाचा. बिदरीचा चर डोळ्यांना दिसतो, चिपमधला चर केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतका अरुंद असू शकतो.

चर भरताना एक पेच येतो. तांबे चराच्या तोंडाशी लवकर साचले तर तोंड मिटते आणि आत पोकळी राहते. म्हणून द्रावणात अशी सेंद्रिय रसायने घालतात की ज्यांमुळे तळाशी तांबे वेगाने वाढते आणि तोंडाशी सावकाश. चर तळातून वर भरत येतो.

६. सीमा-थर आणि मँगनीज

दुसरी अडचण झिरपण्याची. त्यासाठी तांबे भरण्यापूर्वी चराच्या तळाला आणि भिंतींना टँटलम नायट्राइड व टँटलम यांचे अस्तर देतात. हे अस्तर तांब्याला बाहेर जाऊ देत नाही व त्याला धरूनही ठेवते. अस्तरावर तांब्याचा पातळ बीज-थर स्पटरिंगने देतात आणि मग विजेने चर भरतात. एबीएसवरील मुलाम्यात जे पकड, बीज आणि पीक पाहिले, तेच येथे अस्तर, बीज आणि भरण या रूपात दिसते.

परंतु अस्तर जागा खाते आणि वीज वाहण्यात ते तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही. वर्गात हे साध्या गणिताने दाखविता येईल. चर १०० नॅनोमीटर रुंद आणि अस्तर प्रत्येक बाजूस ३ नॅनोमीटर असेल, तर तांब्याला ९४ नॅनोमीटर उरतात, म्हणजे ६ टक्के जागा गेली. चर २० नॅनोमीटर असेल तर १४ उरतात, म्हणजे ३० टक्के जागा गेली. तार बारीक करता येते, पण अस्तर त्या प्रमाणात पातळ करता येत नाही. फार पातळ केले तर ते तांब्याला अडवीत नाही.

या ठिकाणी सौंसरचे नाव वेगळ्या संदर्भात आठवते. भूशास्त्रात ‘सौंसर समूह’ या नावाने ओळखले जाणारे अतिप्राचीन खडक नागपूर, भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा या पट्ट्यात पसरले असून मँगनीजच्या खनिजासाठी ते प्रसिद्ध आहेत. नागपूरला मुख्यालय असलेली मॉइल ही सरकारी कंपनी याच पट्ट्यात खाणी चालविते. जगातील बहुतेक मँगनीज पोलादासाठी खर्च होते. त्याचा एक अत्यल्प पण उद्बोधक उपयोग मात्र तांब्याच्या तारांत सापडला.

२००५ साली जपानच्या तोहोकू विद्यापीठातील जुनिची कोइके आणि त्यांच्या सहकाऱ्याने असे दाखविले की, तांब्यात थोडे मँगनीज मिसळून तो थर सिलिकॉन ऑक्साइडवर दिला आणि सुमारे ४५० अंश सेल्सिअसला तापविला, तर मँगनीजचे अणू आपण होऊन सीमेकडे सरकतात. तेथे ऑक्साइडशी संयोग पावून काही नॅनोमीटर जाडीचे अस्तर तयार करतात. उरलेले मँगनीज वरच्या पृष्ठाकडे जाऊन ऑक्साइड बनते व तांबे पुष्कळसे शुद्ध राहते. मँगनीजला ऑक्सिजनची ओढ तांब्यापेक्षा अधिक, हे यामागचे कारण. पोलाद करताना ऑक्सिजन काढून घेण्यास मँगनीज वापरतात, तेही याच गुणामुळे.

आपल्या भागातील खनिज थेट चिपमध्ये जाते असे यावरून कोणी समजू नये. चिपसाठी लागणारा धातू अत्यंत शुद्ध करावा लागतो. सांगावयाचे एवढेच की, ज्या धातूच्या खाणी आपल्या मुलांनी पाहिल्या आहेत, त्याच धातूचा एक गुण या सूक्ष्म विद्येत उपयोगी पडला.

अलीकडे तारा आणखी अरुंद झाल्याने तांब्यापुढेही मर्यादा आली आहे. तांब्यात इलेक्ट्रॉन सरासरी सुमारे ४० नॅनोमीटर विनाअडथळा जातो. तार त्याहून अरुंद झाली की तो भिंतींवर आपटू लागतो आणि रोध वाढतो. म्हणून सर्वात खालच्या मजल्यांवर कोबाल्ट, रुथेनियम अशा धातूंचा विचार होत आहे. इंटेलने १० नॅनोमीटर पिढीत कोबाल्ट वापरलेही.

७. वर्गात करून दाखविण्याजोगे प्रयोग

(१) दोन लोखंडी खिळे घ्यावेत. एक पॉलिशपेपरने घासून स्वच्छ करावा, दुसऱ्यास तेलाचे बोट लावावे. मोरचुदाच्या सौम्य द्रावणात दोन मिनिटे बुडवावेत. स्वच्छ खिळ्यावर थर सर्वत्र येतो, तेलकट खिळ्यावर तुटक येतो. कोरड्या कापडाने पुसल्यास बराचसा निघून जातो.

(२) पितळी किल्ली चिंचेने घासून धुवावी. १.५ व्होल्टच्या सेलच्या ऋण टोकास किल्ली व धन टोकास तांब्याची पट्टी जोडून दोन्ही द्रावणात एकमेकांना न लागता ठेवावीत. पंधरा-वीस मिनिटांत घट्ट थर येतो. तोच प्रयोग ९ व्होल्टच्या बॅटरीने करावा. थर झपाट्याने येतो, पण काळसर व भुकटीसारखा असतो. घाईने बसलेल्या अणूंना नीट जागा मिळत नाही, हे विद्यार्थ्यांच्या आपोआप लक्षात येते.

(३) प्लास्टिकच्या खरखरीत तुकड्यावर मऊ पेन्सिलीने गडद, रुंद पट्टा ओढावा आणि त्यास ऋण टोक जोडावे. तांबे तारेच्या टोकापासून पट्ट्यावर हळूहळू पसरते, कोऱ्या प्लास्टिकवर अजिबात बसत नाही. बीज-थर म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या रीतीने क्वचितच दाखविता येईल.

मोरचूद विषारी आहे. हातमोजे व चष्मा वापरावा. वापरलेले द्रावण नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. बाटलीत भरून, चिठ्ठी लावून पुढील प्रयोगासाठी ठेवावे.

८. समारोप

भारतात मोहाली येथील सरकारी अर्धवाहक कारखान्यात १९८४ पासून चिपनिर्मिती सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने गुजरातमधील धोलेरा येथे टाटा इलेक्ट्रॉनिक्स व तैवानच्या पीएसएमसी यांच्या मोठ्या कारखान्यास मंजुरी दिली. अशा ठिकाणी संशोधकांबरोबरच निर्वात पंप, वायूच्या नळ्या, रसायनांची पात्रे सांभाळणारे तंत्रज्ञही लागतात. त्या जागांसाठी आपल्या विद्यार्थ्यांनी अर्ज करावेत की नाही, हे पुष्कळदा वर्गातच ठरते. ज्याला केवळ बटण शिकविले, त्याचे शिक्षण यंत्र बदलताच निरुपयोगी होते. ज्याला थर का सुटतो हे कळले, तो नव्या यंत्रापुढेही योग्य प्रश्न विचारू शकतो.

ते प्रश्न थोडेच आहेत. पृष्ठभाग स्वच्छ आहे का? थराला पकड कशाची? पहिले बीज कोणते? थर वाढण्याचा वेग योग्य आहे का? आणि बसलेला धातू बाहेर झिरपू नये म्हणून मध्ये काय ठेवले आहे? हे पाच प्रश्न कलईला, बिदरीला, एबीएसवरील मुलाम्याला आणि चिपला सारखेच लागू पडतात. मराठीत, उर्दूत किंवा हिंदीत ते विचारण्यास कोणतीही अडचण येत नाही.

अध्यापकांनी धडा विळ्यापासून सुरू करावा. पांढुर्णा-सौंसरच्या बहुतेक मुलांनी तो तांबूस लेप पाहिलेला आहे. तो पुसला का जातो, हे मात्र त्यांना बहुधा कोणी विचारलेले नसते.